फिनिशियन व्यापार कोणाच्या भरवशावर चालत होता? राजाच्या, व्यापाऱ्यांच्या की देवाच्या?

शोधयात्री

नमस्कार. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन जगाविषयी वाचताना फिनिशियन लोकांचा उल्लेख सतत येतो, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी इतिहासात येतो. इजिप्तला लाकूड पुरवणारे, इस्राएलचा राजा शलमोन याच्या मंदिरासाठी कारागीर पाठवणारे, ग्रीकांना अक्षरे देणारे, रोमशी लढलेल्या, आजच्या ट्युनिशियातील कार्थेज नगराचे पूर्वज, अशा तुकड्यांतून ते भेटतात. ते स्वतः कसे जगत होते, याचे सलग चित्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

मला विशेष कुतूहल आहे ते एका गोष्टीचे. टायर, सिडॉन, बिब्लॉस आणि अर्वाद ही नगरे आजच्या लेबनन व सीरियाच्या किनाऱ्यावर, एका बाजूला पर्वत आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत किंवा लगतच्या बेटांवर वसलेली होती. ती आपल्यातल्या एका राजाच्या अमलाखाली कधीच आली नाहीत, त्यांच्यापाशी मोठे सैन्य नव्हते आणि इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे स्वतःचे नाणेही नव्हते. तरीही टायरहून निघालेली गलबते साडेतीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या गादिरपर्यंत, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझपर्यंत, नियमित जात होती. परक्या किनाऱ्यावर, परक्या भाषेच्या माणसाशी मौल्यवान मालाचा व्यवहार करताना हमी कोणाची होती? गलबते राजाची होती की व्यापाऱ्यांची? मेलकार्त, अस्तार्ते, एश्मून या देवतांच्या देवळांचा व्यापाराशी काही प्रत्यक्ष संबंध होता, की धर्म आणि व्यापार ही दोन निराळी क्षेत्रे होती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तराजू

शोधयात्री, तुमच्या प्रश्नाच्या तिन्ही बाजू ज्यात एकत्र येतात अशा एका इजिप्शियन मजकुरापासून सुरुवात करतो. थेब्सच्या अमून मंदिराचा एक अधिकारी, वेनामून, इ. स. पू. ११०० च्या सुमारास देवाच्या नौकेसाठी लाकूड आणायला बिब्लॉसला गेला, अशी ती हकिकत आहे. तिचा पपायरस आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. ही खरी प्रवासनोंद आहे की रचलेली कथा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु रचलेली असली तरी तिच्या लेखकाला बिब्लॉसचा कारभार नीट ठाऊक होता, असे ती वाचताना जाणवते.

वाटेत दोर बंदरात वेनामूनचे सोने-चांदी त्याच्याच गलबतावरच्या एका माणसाने चोरले. रिकाम्या हाताने बिब्लॉसला पोचल्यावर तेथील राजा झकरबाल त्याला २९ दिवस रोज एकच निरोप पाठवत राहिला, की माझ्या बंदरातून चालता हो. मग एके दिवशी राजा देवांना नैवेद्य अर्पण करत असताना दरबारातील एका तरुणाच्या अंगात देव आला आणि अमूनच्या दूताला वर बोलवा, असे त्याने सांगितले. भेट झाली ती या देववाणीमुळे, पण भेटीत झालेली बोलणी निव्वळ हिशेबाची होती. झकरबालाने आपल्या पूर्वजांच्या काळातल्या रोजनोंदी मागवल्या, त्या मोठ्याने वाचायला लावल्या आणि पूर्वीच्या प्रत्येक लाकडाबद्दल इजिप्तने किंमत मोजली होती, हे दाखवून दिले. मी तुझा किंवा तुला पाठवणाऱ्याचा चाकर नाही, असेही त्याने ठणकावले. पुढे इजिप्तहून सोने, चांदी, तलम कापड, पपायरसच्या ५०० गुंडाळ्या, बैलांची ५०० कातडी, ५०० दोर, मसुराच्या २० गोण्या आणि माशांच्या ३० टोपल्या आल्या, तेव्हा त्याने ३०० माणसे व ३०० बैल जंगलात पाठवून झाडे तोडवली. या लाकडाचे झाड आपल्या हिमालयातील देवदाराच्याच कुळातले आहे आणि बिब्लॉसहून ते इजिप्तला जाण्याची परंपरा वेनामूनच्याही पंधराशे वर्षे आधीची आहे. इजिप्तच्या स्नेफरू राजाने लाकडाने भरलेली ४० गलबते आणवल्याची नोंद पालेर्मो शिलालेखात आहे.

या हकिकतीत राजा हाच मुख्य व्यापारी दिसतो. पुढच्या काळात मात्र चित्र बदलते आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला असिरियाचा सम्राट एसरहद्दोन आणि टायरचा राजा बआल यांच्यातील इ. स. पू. सातव्या शतकातील करारात दिसतो. पलिष्ट्यांच्या किनाऱ्यावर किंवा असिरियाच्या हद्दीत 'बआलचे किंवा टायरच्या लोकांचे' गलबत फुटले, तर त्यावरचा माल सम्राटाचा, पण गलबतावरच्या माणसांना कोणी हात लावायचा नाही, असे त्यातील एक कलम आहे. राजाची गलबते आणि लोकांची गलबते यांचा असा वेगळा उल्लेख होतो, याचा अर्थ खाजगी मालकी तोवर इतकी रुळली होती, की तहाच्या मसुद्यात तिची दखल घेणे भाग पडले. कारभारात राजासोबत नगरातील वडीलधाऱ्यांची सभा होती, हेही त्याच करारावरून कळते.

आता हमीचा प्रश्न. हा करार मोडला तर काय होईल, हे सांगताना असिरियन लेखकाने टायरच्याच देवांना साक्षी धरले आहे. बआल शामेम, बआल मलागे आणि बआल साफोन यांनी तुमच्या गलबतांवर वाईट वारा सोडावा, त्यांचे दोर तोडावेत, खुंट उपटावेत आणि प्रचंड लाटेने ती बुडवावीत, असा तो शाप आहे. दर्यावर्दी माणसाला ज्याची खरी धास्ती असते, तेच येथे दंड म्हणून लिहिले आहे. दोन राज्यांना सारखाच लागू होईल असा कायदा ज्या काळात नव्हता, त्या काळात शपथ हीच कराराची सक्तीची बाजू होती आणि शपथ घ्यायची तर देव, देवाचे स्थान आणि त्या स्थानाची राखण करणारे पुजारी लागत. म्हणूनच माझ्या मते देऊळ हा फिनिशियन व्यापाराचा मूळ घटक आहे, व्यापारात नफा झाल्यावर उभारलेली ती शोभा नव्हे.

वखारी कोठे आणि कशा पडल्या हे पाहिले, तर याला दुजोरा मिळतो. गादिरला वस्ती बेटांच्या एका टोकाला आणि मेलकार्तचे देऊळ दुसऱ्या टोकाला होते. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील लिक्सस येथेही मेलकार्तचे स्थान फार जुने असल्याची परंपरा प्राचीन लेखकांनी नोंदवली आहे. सायप्रसमधील कितिओनला अस्तार्तेचे मोठे मंदिर उत्खननात सापडले आहे. परक्या मुलखात उतरलेल्या व्यापाऱ्याला आणि तेथील स्थानिक सरदाराला, दोघांनाही, हिंसा वर्ज्य असलेली एक जागा मिळाली की तोलमाप, ठेव आणि वाद यांचा निवाडा तेथे होऊ शकतो, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. इटलीच्या किनाऱ्यावर पिर्गी येथे १९६४ साली सापडलेले सोन्याचे पत्रे या दृष्टीने फार बोलके आहेत. इ. स. पू. ५०० च्या सुमारास कायरे नगराचा एत्रुस्कन शासक थेफारिए वेलियानास याने अस्तार्तेला एक पवित्र स्थान अर्पण केल्याचा मजकूर त्यांवर एत्रुस्कन आणि फिनिशियन अशा दोन्ही भाषांत आहे. आपल्या बंदरावर परक्यांची देवता प्रतिष्ठित करून त्या शासकाने समुद्रापलीकडच्या लोकांशी असलेले नाते पक्के केले.

चांदीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण नाण्यांवाचून व्यवहार कसा होई, याचे उत्तर तिच्यात आहे. चांदीच्या कांबी, तारा, मोडके दागिने आणि तुकडे वजन करून दिले-घेतले जात. दोर येथे एका मातीच्या सुरईत अशी सुमारे साडेआठ किलो चांदी मिळाली. या किनाऱ्यावरील अशा साठ्यांच्या धातुपरीक्षणावरून त्यांतील काही चांदी सार्डिनिया आणि अनातोलियाकडची (आजचे तुर्कस्तान) व नंतरच्या काळात स्पेनकडची असल्याचे दिसून आले आहे. असिरियाची खंडणी भागवण्यासाठी फिनिशियन पश्चिमेकडे ढकलले गेले, असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. स्पेनमधील उएल्वा येथे सापडलेली त्यांची मातीची भांडी इ. स. पू. नवव्या शतकाइतकी जुनी आहेत, तर असिरियाचा खरा जाच तिसऱ्या तिग्लथपिलेसरच्या, म्हणजे इ. स. पू. ७४५ नंतरच्या काळातला. त्यामुळे मला तो क्रम उलटा वाटतो. चांदीची वाट या व्यापाऱ्यांनी स्वतः शोधली होती आणि त्या चांदीवर पुढे असिरियाची नजर गेली.

किनारा

तराजू यांनी व्यापाराची बाजू उत्तम मांडली आहे. समाज आणि पूजाविधी यांबद्दल मी भर घालतो.

पहिली अडचण साधनांची. ज्यांनी २२ अक्षरांची लिपी घडवून दूरवर पोचवली, त्यांचे स्वतःचे बहुतेक लेखन पपायरसवर होते आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते नष्ट झाले. उरले ते दगडावरचे, धातूवरचे आणि खापरांवरचे. त्यामुळे त्यांच्याविषयीची मते आपल्याला बहुधा त्यांच्या शेजाऱ्यांकडून किंवा शत्रूंकडून मिळतात आणि हे भान ठेवूनच ती वाचावी लागतात. ते स्वतःला फिनिशियनही म्हणवत नसत. ओळख सांगायची ती नगराची, टायरचा किंवा सिडॉनचा म्हणून.

देवताही नगरागणिक निराळ्या होत्या. बिब्लॉसला 'बिब्लॉसची स्वामिनी' या नावानेच ओळखली जाणारी देवी, टायरला मेलकार्त आणि अस्तार्ते, सिडॉनला एश्मून आणि अस्तार्ते, तर कार्थेजला बआल हम्मोन आणि तानित. मेलकार्त हा नगराचा राजा मानला जाई आणि दरवर्षी हिवाळा सरताना त्याच्या जागे होण्याचा उत्सव होत असे. मेनांडर या ग्रीक लेखकाच्या आधारे ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, की टायरचा राजा हिराम याने हा उत्सव प्रथम साजरा केला. कार्थेजने टायरशी असलेले नाते सांभाळले तेही याच देवामार्फत. राजकीय दृष्ट्या स्वतंत्र आणि पुढे मातृनगरापेक्षा कितीतरी बलाढ्य झाल्यावरही कार्थेजचे दूत मेलकार्तसाठी भेट घेऊन टायरला जात राहिले.

राजा आणि पुजारी ही पदे एकमेकांत मिसळलेली होती. सिडॉनचा तब्नित आपल्या शवपेटीवरील लेखात आधी 'अस्तार्तेचा पुजारी' आणि मग 'सिडॉनचा राजा' असा स्वतःचा परिचय देतो. त्याचा मुलगा दुसरा एश्मुनाझर याची इजिप्शियन घडणीची काळ्या दगडाची शवपेटी १८५५ मध्ये सापडली आणि ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरचा लेख वाचताना मन हेलावते. मी अकाली गेलो, मी पोरका, विधवेचा मुलगा, असे तो म्हणतो आणि आपली पेटी उघडणाऱ्याला शाप देतो. त्याच लेखात त्याची आई अमोअश्तार्त ही अस्तार्तेची पुजारीण आणि राणी असल्याचे सांगितले आहे आणि 'आम्ही देवांची मंदिरे बांधली' असे दोघांच्या नावाने लिहिले आहे. लहान वयाच्या राजाच्या वतीने कारभार पाहणारी ही स्त्री आपल्या हक्काने लेखात उभी आहे. इराणच्या सम्राटाने दोर आणि याफो ही गावे व शारोनच्या मैदानातील धान्याची जमीन सिडॉनला बहाल केल्याचाही उल्लेख तेथेच येतो. शेतजमीन अपुरी असलेल्या नगराला त्या मैदानाचे मोल किती वाटले असेल!

सामान्य माणसांविषयीची सर्वांत जिवंत माहिती देवळांच्या हिशेबांतून मिळते. कितिओनच्या एका देवळाचा हिशेब शाईने लिहिलेल्या एका फरशीवर सापडला. त्यात बांधकाम करणारे, भाकऱ्या भाजणारे, न्हावी अशा लोकांना दिलेला मोबदला नोंदला आहे. म्हणजे देऊळ हे मोठे कामाचे ठिकाणही होते आणि अनेक घरांची चूल त्याच्यावर अवलंबून होती.

याहून अधिक मोलाचा लेख म्हणजे मूळच्या कार्थेजच्या बआल साफोन मंदिरातील दरपत्रक, जे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मार्सेय शहरात सापडले. कोणत्या बळीसाठी पुजाऱ्याला काय द्यायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. बैलासाठी चांदीचे दहा शेकेल (शेकेल हे वजनाचे माप) आणि ठरलेल्या वजनाचे मांस, वासरासाठी पाच शेकेल, मेंढा किंवा बोकड यांसाठी त्याहून पुष्कळ कमी आणि पक्ष्यासाठी पाऊण शेकेल, असे उतरते दर आहेत. कातडे आणि उरलेले मांस कोणाचे, हेही स्पष्ट केले आहे. ज्याच्यापाशी गुरे नाहीत आणि पाखरेही नाहीत, अशा गरिबाच्या बळीतून पुजाऱ्याने काहीही घ्यायचे नाही, असे कलम त्यात आहे आणि पत्रकापेक्षा जास्त घेणाऱ्या पुजाऱ्याला दंडही सांगितला आहे. या नियमांना सुफेतांची, म्हणजे नगराच्या मुख्य अधिकाऱ्यांची, नावे जोडलेली आहेत. देवळाला मोठा मान होता, पण देऊळ नगराच्या नियमाबाहेर नव्हते, हे यातून दिसते आणि तराजू यांच्या मुद्द्याला त्यामुळे बळ मिळते, कारण जेथे दर दगडावर कोरून लावले आहेत, त्या देवळावर परका व्यापारी विश्वास ठेवू शकतो.

कारागिरांबद्दल एकच सांगतो. ज्या जांभळ्या रंगाने टायरचे नाव झाले, तो समुद्री गोगलगायींच्या एका ग्रंथीतून मिळे. पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये १२,००० गोगलगायींपासून अवघे १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळवले होते. सिडॉनजवळ शंखांचे अख्खे टेकाड साचलेले होते, यात म्हणूनच नवल नाही. राजवस्त्रांच्या झळाळीचे वर्णन सर्वांनी केले. कुजक्या शंखांच्या दुर्गंधीत आयुष्य काढणाऱ्यांची नावे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत. फिनिशियन समाजाचा इतिहास लिहिताना त्यांना विसरणे अन्यायाचे ठरेल.

शोधयात्री

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. फिनिशियन धर्माचे नाव निघाले की बालबळीचा विषय निघतोच. त्यात तथ्य किती? दुसरे म्हणजे, शलमोन आणि हिराम यांची गलबते ज्या ओफीरहून सोने आणत, ते ओफीर म्हणजे आपले नालासोपारा, असे वसईकडे अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. याला आधार आहे का?

रानजाई

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी फार घाईने बोलले जाते.

प्रत्यक्ष पुरावा असा आहे. कार्थेजमध्ये १९२१ साली एक आवार उजेडात आले, ज्याला अभ्यासक 'तोफेत' म्हणतात. तेथे हजारो मडक्यांत तान्ह्या मुलांच्या आणि कोकरांच्या जळालेल्या अस्थी पुरलेल्या होत्या आणि त्यांवर दगडी स्मारके उभी केलेली होती. अशी आवारे सिसिलीजवळच्या मोत्या बेटावर, सार्डिनियातील थारोस व सुल्किस येथे आणि ट्युनिशियातील सूस येथेही आहेत. दगडांवरचा मजकूर साधारण एकाच साच्याचा असतो: तानित देवीला आणि बआल हम्मोन देवाला अमक्याने हे नवसापोटी अर्पण केले, कारण देवाने त्याचा आवाज ऐकला आणि त्याला आशीर्वाद दिला.

एक पक्ष म्हणतो, की हे बालकांचे स्मशान होते. जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच दगावलेली मुले तेथे देवाच्या हवाली केली जात आणि बालबळीची कथा ही कार्थेजच्या ग्रीक व रोमन शत्रूंनी पसरवलेली बदनामी होय. २०१० मध्ये दातांच्या आणि हाडांच्या परीक्षणावरून एका गटाने याच दिशेचे निष्कर्ष मांडले. त्यानंतर दुसऱ्या गटाने त्याच अस्थींच्या वयाची फेरतपासणी करून ते निष्कर्ष खोडून काढले. त्यांच्या मते मुलांची वये नैसर्गिक बालमृत्यूच्या प्रमाणाशी जुळत नाहीत, ती एक-दीड महिन्याच्या आसपास एकवटलेली आहेत.

मला स्वतःला अस्थींपेक्षा शिलालेख निर्णायक वाटतात. नवस फेडल्याची भाषा, मुलाच्या जागी कोकरू अर्पण केल्याच्या खुणा, मुलांच्या शेजारी प्राण्यांचेही तसेच विधिपूर्वक दहन या तिन्ही गोष्टी केवळ स्मशान मानून उलगडत नाहीत. निदान काही कुटुंबे संकटकाळी बोललेला नवस मुलाच्या बळीने फेडत असत, असे मानण्याकडे माझा कल आहे. ग्रीक इतिहासकार डायोडोरसने सांगितलेली हकिकत, की इ. स. पू. ३१० मध्ये सिसिलीतील सिराक्यूजचा शासक अगाथोक्लीस कार्थेजवर चालून आला तेव्हा नगराने २०० उमराव मुले बळी दिली, ती मात्र मी आकड्यासकट स्वीकारणार नाही. शत्रुपक्षाच्या लेखकाचे असे वर्णन तोलूनच घ्यावे लागते.

तथापि एक भेद लक्षात ठेवायला हवा आणि तो लोकप्रिय लेखनात जवळजवळ नेहमी विसरला जातो. तोफेत हा पश्चिमेकडील मोजक्या वसाहतींचा प्रकार आहे. लेबननच्या मूळ नगरांत निःसंशय तोफेत म्हणता येईल असे आवार अद्याप सापडलेले नाही आणि स्पेनमधील वसाहतींतही नाही. त्यामुळे 'फिनिशियन लोक मुलांचे बळी देत' हे सरसकट विधान पुराव्याच्या पुढे जाते. तानित ही देवी मात्र केवळ कार्थेजची नाही. सिडॉन आणि टायर यांच्यामध्ये असलेल्या सारेप्ताच्या उत्खननात, कुंभारांच्या भट्ट्यांच्या परिसरातील एका लहानशा देवळात, तानित-अस्तार्ते असे जोडनाव कोरलेली हस्तिदंती पट्टी मिळाली. त्यामुळे देवी पूर्वेकडून गेली आणि तिच्याभोवतीचा हा विधी पश्चिमेकडे वाढला, असे मला वाटते. समुद्रापार गेलेल्या छोट्या समाजाला आपले वेगळेपण टिकवण्याची निकड अधिक असते, हे त्यामागचे एक कारण असू शकेल.

उत्तरकोकण

ओफीर आणि सोपारा यांबद्दल लिहितो, कारण मी याच भागातला आहे आणि ही ओळख खरी ठरावी असे मनापासून वाटणाऱ्यांपैकी आहे. पुरावा मात्र तसे म्हणू देत नाही.

बायबलातील कथेनुसार हिरामने आपले दर्यावर्दी शलमोनाच्या ताफ्यावर पाठवले, तांबड्या समुद्रातून ती गलबते ओफीरला गेली आणि ४२० तालांत (वजनाचे एक मोठे माप) सोने घेऊन परतली. बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या स्थळाचे नाव 'स'काराने सुरू होते आणि पहिल्या शतकातील जोसेफस ते भारताकडील सोन्याची भूमी असल्याचे सांगतो. सोपाऱ्याशी ते जुळवण्याची कल्पना येथून आली. ओफीर नावाचे सोने प्रत्यक्षात होते, यात शंका नाही, कारण आजच्या इस्रायलमधील तेल कासिले येथे सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकातील एका खापरावर 'ओफीरचे सोने, ३० शेकेल' अशी नोंद आहे.

आता सोपारा. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये 'बुरूड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन करून तेथील स्तूप आणि त्यातील अस्थिपात्रे उजेडात आणली. अशोकाच्या शिलाशासनाचे तुकडेही येथे मिळाले. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील सागरी मार्गदर्शिकेत या बंदराचे नाव येते. हे सर्व वैभव इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून पुढचे आहे. हिरामचा काळ त्याच्या सातशे वर्षे आधीचा आहे आणि त्या काळातील परदेशी व्यापाराची कोणतीही खूण सोपाऱ्यात मिळालेली नाही. शिवाय सोपाऱ्याच्या आसपास सोन्याच्या खाणी नाहीत. येमेन, सौदी अरेबियाचा पश्चिम भाग आणि आफ्रिकेचे शिंग हे पर्याय भूगोल आणि धातू या दोन्ही कसोट्यांवर अधिक टिकतात.

याचा अर्थ भारतीय उपखंडाशी संबंधच नव्हता, असा नाही. फिनिशियन बनावटीच्या छोट्या कुप्यांच्या रासायनिक परीक्षणात २७ पैकी १० कुप्यांत दालचिनीच्या घटकाचे अंश आढळले. त्या कुप्या इ. स. पू. अकराव्या-दहाव्या शतकातील आहेत आणि संशोधकांच्या मते ही दालचिनी दक्षिण किंवा आग्नेय आशियातून आली. पण दालचिनी अनेकांच्या हातांतून, टप्प्याटप्प्याने जाऊ शकते. त्यासाठी टायरचे गलबत कोकणच्या किनाऱ्याला लागण्याची गरज नाही. सोपाऱ्याचे महत्त्व अशोकाच्या लेखाने आणि स्तूपाने पुरेसे सिद्ध आहे. तो लेख तेथे कोरला गेला हे आपल्या मुलांना आधी सांगावे, ओफीरचे नंतर.

शोधयात्री

उत्तरकोकण, आपले म्हणणे पटले. शेवटचा एक प्रश्न. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३२ मध्ये सात महिन्यांच्या वेढ्यानंतर टायर जिंकले. त्यानंतर देवाच्या साक्षीने चालणारी ही व्यवस्था संपली का?

तराजू

नाही आणि त्या वेढ्याचे निमित्तही देवळाचेच होते. अलेक्झांडरने बेटावरच्या मंदिरात मेलकार्तला, ज्याला ग्रीक लोक हेराक्लीस मानत, बळी अर्पण करण्याची इच्छा कळवली. टायरच्या लोकांनी किनाऱ्यावरच्या जुन्या नगरातील देवळात जावे असे सुचवले, कारण उत्सवाच्या वेळी त्या मंदिरात राजाच्या नात्याने प्रवेश देणे म्हणजे त्याचे स्वामित्व मान्य करणे होते. मग त्याने समुद्रात भराव घालून बेट गाठले. ग्रीक इतिहासकार एरियनच्या मते ३०,००० माणसे गुलाम म्हणून विकली गेली. त्या भरावाभोवती गाळ साचत जाऊन टायर कायमचे मुख्य भूमीला जोडले गेले.

नगर मात्र पुन्हा वसले आणि व्यापारी तर आधीच सर्वत्र पसरलेले होते. वेढ्याच्या आदल्याच वर्षी, इ. स. पू. ३३३ मध्ये, अथेन्सच्या सभेने लायकर्गस या राजकारण्याच्या प्रस्तावावरून कितिओनच्या व्यापाऱ्यांना त्यांच्या देवीच्या मंदिरासाठी जागा घेण्याची परवानगी दिली. अथेन्समध्ये परक्याला जमीन घेता येत नसे, म्हणून हा ठराव मोलाचा आहे आणि त्याच ठरावात इजिप्शियनांना त्यांच्या इसिस देवीच्या मंदिरासाठी दिलेल्या परवानगीचा दाखला दिला आहे. पुढे ग्रीसच्या देलोस बेटावर टायरच्या व्यापाऱ्यांची आणि गलबतमालकांची हेराक्लीसच्या, म्हणजे मेलकार्तच्या, नावाने बांधलेली संस्था होती. इ. स. पू. १५३ च्या सुमारासचा तिचा ठराव दगडावर टिकून आहे. बेटावर देवासाठी जागा मिळावी म्हणून संस्थेच्या वतीने अथेन्सला जाऊन ती परवानगी मिळवणाऱ्या एका सभासदाला सोन्याचा मुकुट देऊन गौरवावे आणि तो गौरव दर यज्ञाच्या वेळी जाहीर करावा, असे त्यात म्हटले आहे. तोवर देलोसवर मालाचे व्यवहार ग्रीक भाषेत होत होते आणि ठरावही ग्रीकमध्येच कोरला आहे, पण सभासदांना एकत्र बांधणारा देव टायरचाच होता.